शेवटची मोरी आणि तुझं नाव

माधव,

तुझ्या दहाव्याला कावळा शिवला नाही. उल्हास नदीच्या घाटावर आम्ही सगळे उन्हात ताटकळत उभे. भटजी घड्याळाकडे बघत होते, तुझा मेहुणा पिंडाकडे, आणि मी तुझ्या मेहुण्याकडे, कारण तो सारखा जांभया देत होता. "काही इच्छा राहिली असेल तर बोला," भटजी म्हणाले. मग सुरू झालं. मुलीचं शिक्षण पुरं करू. मागच्या पडवीचे पत्रे बदलू. वहिनींना अंतर देणार नाही. कावळे समोरच्या करंजावर बसून निवांत ऐकत होते. शेवटी पाणी कमिटीचे धर्माअण्णा पुढे झाले, त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, तेवढा कुलपाचा शब्द सांगा आन् मग सुखानं जा. शेपटाला पानी सोडायचं हाय."

लोक हसले. तुझ्या दहाव्याला लोक हसले, माधव. मीही हसलो. मग दर्भाचा कावळा करून भटजींनी उरकलं आणि सगळे चहाला गेले.

तुझ्याबद्दल बरं काही लिही, असं वहिनी म्हणाल्या. शाळेच्या वार्षिक अंकात छापायचं आहे म्हणे. हेडमास्तरांनी 'ज्ञानदानाचा वसा' असं शीर्षकही सुचवलं. ते शीर्षक मी त्यांच्याच टेबलावर ठेवून आलो. मी हे तुलाच लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचलं तर वाचू दे. तू स्वतः काही लपवून ठेवू नये असं आयुष्यभर सांगत आलास, तेव्हा तुझी तक्रार असायचं कारण नाही. शेवटचे काही महिने सोडून.

सरकारी योजनेतून शाळेत संगणक आला तेव्हा तो कपाटात बंद करून किल्ली हेडमास्तरांनी जानव्याला बांधली होती. गणिताचा म्हणून तू आणि शास्त्राचा म्हणून मी, असे दोघे शिकायला मुंबईला गेलो. मी तिथे जेवणाची सोय चांगली होती एवढं शिकून आलो. तू मात्र झपाटल्यासारखा परतलास. टीव्हीचा पडदा, खाली टाइपरायटरसारखी पाटी, आणि बाजूला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा टेपरेकॉर्डर. तुझे प्रोग्रॅम त्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठायचे. ती कॅसेट नुसती लावली की कर्कश किरकिर ऐकू यायची. धर्माअण्णांनी एकदा ऐकली आणि म्हणाले, "ह्ये तं रातकिडं वरडतान सर. ह्येच्यात आमचं पानी कुठं हाय?"

पाणी त्यातच होतं. डोंगरातल्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं आपल्याकडे येतं आणि त्यावर उन्हाळी भात होतं. कालव्याला जागोजाग पाणी सोडायच्या मोऱ्या, प्रत्येक मोरीवर काही खाचरं. कालव्याच्या डोक्याकडची गावं मोरी मनाला येईल तेव्हा उघडत आणि शेपटाकडच्या गावांना चिखल दिसे. पाळ्या ठरायच्या, मोडायच्या. बांध फुटायचे, मग डोकी फुटायची. तू म्हणालास, हे गणित आहे, यंत्राला घालू. कुणाचं खाचर किती, कुठल्या मोरीवर, पाणी पोचायला किती वेळ लागतो, हे सगळं घालून तू पाळ्या काढणारा प्रोग्रॅम लिहिलास. तो चालला हे मी त्या वेळी कबूल केलं नव्हतं. आजही फारसं करवत नाही.

पण तू तिथे थांबला नाहीस. तुला थांबता यायचंच नाही. अख्खा प्रोग्रॅम तू लांबलचक कागदावर छापलास आणि कालव्याच्या ऑफिसच्या ओसरीवर खिळ्याला टांगलास. शेजारी सुतळीला पेन्सिल. ज्याला चूक सापडेल त्यानं खूण करायची. दुरुस्ती तू यंत्रात घालायचास आणि प्रोग्रॅमच्या अगदी वरच्या ओळींत त्या माणसाचं नाव, गाव आणि त्यानं काय सुधारलं ते लिहायचास. पहिली ओळ तुझी, त्याखाली बाकीचे. शिवाय जो मागेल त्याला कॅसेट उतरवून द्यायचास, फुकट, वर 'तुम्हीही पुढे द्या' अशी ताकीद. पेन्सिल दुसऱ्याच दिवशी चोरीला गेली. तू नवी बांधलीस. तीही गेली. शाळेतल्या किती पेन्सिली त्या सुतळीनं खाल्ल्या देव जाणे.

आपलं भांडण तिथपासूनचं. मी म्हणायचो, कुलूप घाल. यंत्र चालव, पाळ्या छापून दे, पण आतलं दाखवू नकोस. कुणीतरी उचलून नेईल आणि तुझ्या नाकावर टिच्चून मिरवेल.

"रघ्या, पाणी वाटायचं गणित झाकलं तर लोकांना वाटेल मास्तरनं डोक्याकडच्यांचा चहा प्यायला," तू म्हणायचास. "गणित उघडं असेल तर भांडण माझ्याशी होईल, पेन्सिलीनं होईल. झाकलं तर कोयत्यानं."

"आणि चोर?"

"चोरून काय नेणार? माझ्याकडचं कमी होत नाही."

हे वाक्य तू इतक्या वेळा म्हणालास की मला तुझी मान मुरगळावीशी वाटायची. एवढा मोठा गणिताचा मास्तर, आणि वजाबाकी येत नाही, असं मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणालो होतो. तू हसलास. तुला टोमणा लागतच नाही असं मी समजत होतो. तसं तू दाखवायचास तरी.

पहिल्याच हंगामात तुझं गणित तोंडावर आपटलं. पाळ्या समान होत्या, वेळा मिनिटाबरहुकूम होत्या, आणि तरी रविवारच्या पाळीवाल्यांची खाचरं अर्धी कोरडी. ते शेपटाकडचे लोक. त्यांना वाटलं, वरच्यांनी मोरी उघडली. वरच्यांनी खरंच उघडली नव्हती. मारामारी झाली, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. त्या म्हाताऱ्याची पुतणी कुंदा, आपली जुनी विद्यार्थिनी, बीएस्सी झालेली आणि तोंडाची तिखट, खिळ्यावरचा कागद सरळ उपटून घेऊन शाळेत आली. चपलाही न काढता तिनं तो तुझ्या टेबलावर आपटला.

"सर, तुमच्या गणितात रविवार बाकीच्या वारांसारखाच हाय."

"मग कसा असतो?"

"आवो, रविवारी मुंबईचे कारखाने बंद. कारखाने बंद, तं वीज कमी लागते. वीज कमी, तं वीजघर थंड. मग कालव्यात पानी कुठनं यील? आमच्याकडं पोराला पन म्हायती हाय, रविवारी कालव्यात बुडता येत नाय."

आपण दोघांनी कालवा म्हणजे नदी धरली होती. शिकली-सवरलेली दोन माणसं, वीजघराच्या पाण्यावर पिकलेला भात जन्मभर खाल्लेली, आणि वीज कुणासाठी निघते हे डोक्यात आलं नाही. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तू मात्र उठलास, तुझी खुर्ची कुंदाला दिलीस आणि म्हणालास, "बस. तूच घाल रविवार." तिच्या काकाचा हात गळ्यात होता आणि तुझ्या चेहऱ्यावर दिवाळी. मला तुझा तेव्हा खरंच राग आला. माणसाचा हात मोडला होता, माधव. पण दोनचार दिवसांत तिनं रविवार घातला, पुढच्या पाळीला शेपटाच्या शेवटच्या मोरीला पाणी पोचलं, आणि तुझ्या खालच्या ओळीत कुंदाचं नाव लागलं. कागद नसता टांगला तर तो हात पुढच्या हंगामातही मोडला असता, हेही मला दिसत होतं. तुला सांगितलं नाही एवढंच.

कुंदा पुढे खालापूरच्या शाळेत नोकरीला लागली. तिथेही तसलंच यंत्र, तसाच वीजघराच्या पाण्याचा कालवा. तुझी कॅसेट ती घेऊन गेली आणि तिथल्या मोऱ्यांसाठी बदलत राहिली. तू खूश. "बघ रघ्या, पोरगी सासरी गेली," म्हणालास. कॅसेटबद्दल म्हणालास, कुंदाबद्दल नव्हे. कुंदाचं लग्न अजून व्हायचंय.

मग तालुक्याच्या पाणी योजनेसाठी मुंबईहून एक सल्लागार आला. चहा घेतला, ओसरीवरचा कागद वाचला, कॅसेट मागितली, आणि तू ती त्याला रुमालात बांधून दिलीस, पत्रिकेबरोबर अक्षता द्याव्यात तशी. वर्षभरात तालुक्याच्या सभेत त्याच प्रोग्रॅमचं उद्घाटन झालं. वरच्या सगळ्या ओळी गेलेल्या, तिथे एकच नाव, त्याचं. शाल, नारळ, भाषण. तू दुसऱ्या रांगेत. आणि तू टाळ्या वाजवल्यास! मी तुझा हात धरला तर तू सोडवून घेतलास आणि पुन्हा वाजवल्यास. तुझ्या टाळ्या त्या सभागृहात सगळ्यात मोठ्या होत्या. माझ्या डोळ्यांपुढून तुझा तो मूर्ख, फुललेला चेहरा जात नाही.

परतताना मी तुला झोडपलं. "आता तरी कुलूप घालशील? का तो तुझी खुर्चीही नेईल तेव्हा घालशील?"

"पाणी बरोबर मिळतंय ना लोकांना?"

"मिळतंय. तुला काय मिळालं?"

तू आधी चपलेतला खडा काढलास. मग म्हणालास, "विचार करतो." तू असं कधी म्हणत नसायचास. मला तेव्हाच कळायला हवं होतं, असं आता सगळे मला सांगतात. मला काही कळलं नाही. मला वाटलं, तू थकलास. भूक लागली असेल, असंही वाटलं, आणि स्टेशनाबाहेर तुला वडा घेऊन दिला.

पावसाळ्यात तू कर्जतमधल्या सगळ्या कॅसेटी परत मागवल्यास. 'सुधारून देतो' म्हणून. ओसरीवरचा कागद काढलास. धर्माअण्णा म्हणाले, सर नवा छापतायत. मीही तेच समजलो. दिवाळी झाली, भातं कापली, उन्हाळी भाताची तयारी सुरू झाली, आणि एका सकाळी प्रार्थनेला तू आला नाहीस. तो सगळा भाग मी सोडून देतो. तो लिहायला वार्षिक अंक समर्थ आहे.

तुझं सुतक फिटायच्या आत धर्माअण्णा शाळेत आले. पाळ्या हव्या होत्या. मी ऐटीत कॅसेट लावली. यंत्रानं परवलीचा शब्द मागितला.

मला आधी कळेचना. दुसरी कॅसेट लावली. तिसरी लावली. सगळ्यांवर कुलूप. इतकी वर्षं मी घसा फोडून सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीस, आणि ऐकलंस ते नेमकं मरायच्या आधी, मला न सांगता. तुझ्यासारखा आज्ञाधारक मित्र कुणाला मिळू नये.

मग शब्द शोधायचा खेळ सुरू झाला. आधी देव घातले. मग तुझी मुलगी, तुझं गाव, तुझी आवडती भाजी. वहिनींना विचारायला मला जीभ रेटेना, तर त्याच म्हणाल्या, "माझं नाव घालून बघितलंत?" बघितलं होतं. "नसणारच," त्या म्हणाल्या आणि चहाचे कप उचलून आत गेल्या. हे ऐकायला तू असायला हवा होतास. कप आत फुटला तेही ऐकायला. आणि एक सांगतो. सगळे गेल्यावर मी माझंही नाव घालून पाहिलं. रघुनाथ, रघू, रघ्या. नाही उघडलं. त्याचं मला जेवढं वाईट वाटलं तेवढं तुला खांदा देताना वाटलं नव्हतं.

कालव्यावर कुरबूर सुरू झाली होती. पाळ्याच नाहीत म्हटल्यावर डोक्याकडच्यांनी मोऱ्या उघडल्या. शेपटाकडची रोपं पिवळी पडायला लागली. सल्लागाराकडे निरोप गेला, तर त्याच्याकडचा प्रोग्रॅम गेल्या वर्षीच्या खाचरांवरच अडकलेला, आणि आत कसं बदलायचं ते त्याला माहीत नव्हतं. दहाव्याला धर्माअण्णा बोलले ते त्यामुळे. हसण्यासारखं होतं, पण त्यांच्या पुतण्यांनी दांडके काढून ठेवले होते हेही खरं.

कुंदा तेराव्याला आली. खालापूरहून, पिशवीत कॅसेट घेऊन. आल्याबरोबर तुझ्या फोटोपुढे डोकं टेकवलं आणि मला म्हणाली, "चला शाळेत." वाटेत तिनं सांगितलं. पावसाळ्यात तू तिच्याकडे गेला होतास. तिनं कौतुकानं कागद दाखवला. तू वरचा भाग बघितलास.

"वरच्या ओळी कुठं गेल्या गं?"

"काढल्या सर. आमच्या मोऱ्या जास्ती, यंत्राच्या डोक्यात जागा कमी. रविवार मावत नव्हता. नावाच्या ओळी काय काम करीत नाय, नुसती जागा खातान."

"बरं केलंस," तू म्हणालास. चहा अर्धा ठेवलास आणि एसटी चुकेल म्हणून उठलास. "एसटीला लई वेळ होता सर," कुंदा मला म्हणाली. "मी तवा मनावर घेतलं नाय."

तेव्हा मला तू समजलास. सल्लागारानं नाव काढलं तेव्हा तू टाळ्या वाजवू शकलास, कारण तो चोर होता, आणि चोरापुढे मोठं मन दाखवता येतं. कुंदा चोर नव्हती. ती तुझंच ऐकत होती. तिनं तुझं नाव काढलं कारण पाणी पोचवायला ते लागत नव्हतं. ते तुला सोसलं नाही. पैसा नको, शाल नको, नारळ नको म्हणणारा माझा उदार मित्र! तुला वर एक ओळ हवी होती. एवढंच हवं होतं, तर बोलायचं होतंस. मी तुला महिनाभर चिडवलं असतं, 'नाववाले मास्तर' म्हटलं असतं, आणि मग गुपचूप कालव्याच्या भिंतीवर रंगानं तुझं नाव लिहून आलो असतो. तू माझ्यापासूनही लपवलंस. मी तुझ्यावर त्याचसाठी रागावलोय, कुलपासाठी नाही.

शाळेत कुंदानं तिची कॅसेट लावली. रातकिडे ओरडले. कुलूप नव्हतं. आपल्याकडची खाचरं आणि यंदाच्या नव्या धरून खालापूरइतक्याच झालेल्या मोऱ्या तिनं घालायला घेतल्या, धर्माअण्णा शेजारी बसून सांगत होते, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत पाळ्या पडद्यावर यायला लागल्या. एकेक मोरी, एकेक वार. रविवारी पाणी निम्मं, म्हणून वेळ दुप्पट. सगळ्यात शेवटी शेपटाची शेवटची मोरी आली. ती कुंदाच्या काकाची. धर्माअण्णांनी टीव्हीलाच हात जोडले. मला भरून आलं, आणि तुझं सगळं माफ करावं असं क्षणभर वाटलं.

म्हणून मी म्हणालो, "कुंदा, वर एक ओळ घाल. माधवची."

तिनं घातली. तुझं पूर्ण नाव, गाव कर्जत. पुन्हा चालवलं. पाळ्या आल्या, एकेक करून आल्या, आणि शेवटच्या मोरीपाशी यंत्र थांबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, जागा नाही.

गाव काढलं. तेच. आडनाव काढलं. तेच. नुसतं 'माधव' ठेवलं. तरी शेवटची मोरी येईना.

"काय काडता यील ते सगळं मी आदीच काडलंय सर," कुंदा म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "एक तं रविवार, नायतं नाव. काय करू?"

धर्माअण्णा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. "आमचे सरच ते," ते पुटपुटले. "ठेवायचं तं ठेवा. शेपटाला आमी बघू कायतरी." म्हणजे दांडके.

मी तुझ्या खुर्चीत बसलो होतो, माधव. कुंदाला दिली होतीस ना, तीच. मी पडद्यावरच्या तुझ्या नावाकडे बघितलं. तू नक्की काय म्हणाला असतास हे मला आता सांगता येत नाही, आणि हीच तुझी मला शेवटची देणगी. आधीचा तू म्हणाला असतास, काढ. पावसाळ्यानंतरचा तू चहा अर्धा ठेवून एसटीसाठी उठला असतास. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं?

"काढ," मी म्हणालो.

तिनं काढलं. शेवटची मोरी आली. धर्माअण्णा कागद छापून घेऊन गेले, सोमवारी पाणी सुटलं, आणि पुढच्या रविवारी शेपटाला पोचलं. प्रोग्रॅमचा कागद मी स्वतः ओसरीवर टांगला आहे, शेजारी सुतळीला पेन्सिल. तीही गेली. तुझ्या कुलपाचा शब्द आता कुणी शोधत नाही.

त्या कागदावर तुझं नाव नाही. मी काढायला लावलं. राग आला असेल तर ये, आणि दाखव कुठं घालतोस ते.

रघ्या